टिबीच्या चाकरीतला खलाशी

लँटी हार्लला चौदा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती शिडाच्या कापडापायी. नॉर्थ शील्ड्समधल्या एका शिडं शिवणाऱ्याच्या माडीवरून त्यानं आणि दोघा सोबत्यांनी नव्या कोऱ्या कापडाचे तागे दोरानं खाली सोडले, आणि धक्क्यावर पोचायच्या आत तिघेही पहारेकऱ्याच्या हाती सापडले. पुढं जगाच्या दुसऱ्या टोकाला, कैद्यांच्या बेटावरल्या होबार्टमध्ये जो तो आपण निर्दोष असल्याचं सांगायचा. साक्षीदारच खोटा होता, न्यायाधीश बहिरा होता, अंगावरचा कोट भलत्याचाच होता. लँटी तसं कधी म्हणाला नाही. "चोरी केली. वाईट केली. नीट केली असती तर आज इथं नसतो," एवढंच सांगायचा आणि कामाला लागायचा.

पोरवयापासून तो कोळशाच्या जहाजांवर वाढला होता. टाइन नदीच्या मुखातून कोळसा भरायचा, लंडनला उतरवायचा, जहाज हलकं पडू नये म्हणून येताना वाळू भरून आणायची. अशाच एका खेपेहून आला असताना मासे विकणाऱ्या एका बाईच्या मुलीशी त्याचं जुळलं. तिचं नाव इझाबेल, पण सगळं शील्ड्स तिला टिबी म्हणायचं. टिबीची जीभ तिखट, चाल झपाझप. लग्नानंतर दोघांचा सहवास काय तो दोन खेपांच्या मधल्या दिवसांचा. मूलबाळ व्हायच्या आत तो पकडला गेला.

कैद्यांच्या जहाजातला प्रवास त्याला शिक्षेपेक्षा जड गेला. पायात बेडी घालून तो खाली अंधारात पडून असायचा आणि वर दुसरे खलाशी जहाज हाकायचे. दोर कधी ओढला, शीड कधी उतरवायला हवं होतं आणि कधी उतरवलं, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. "सोड, सोड, अरे आता तरी सोड!" असं तो झोपेत ओरडायचा आणि शेजारचे त्याला लाथा घालायचे.

होबार्टला उतरल्यावर कारकुनानं धंदा विचारला. लँटीनं खरं सांगितलं, आणि तिथंच फसला. खलाशाला पाण्याजवळ ठेवायचं नाही, होडी दिसली की तो पळणार, असा सरकारचा होरा होता. त्यामुळं त्याला धाडलं थेट डोंगरापलीकडं, बॉथवेलला, मेंढरं राखायला. लँटीनं तोवर मेंढरू पाहिलं होतं ते ताटात. त्याच्या कळपातली निम्मी मेंढरं पहिल्याच हिवाळ्यात दुसऱ्याच्या रानात सापडली. मालक बोंबलायचा, लँटी ऐकून घ्यायचा. रात्री शेकोटीपाशी निखाऱ्यात भाजलेली जाड रोटी आणि मटण खाताना तो वाऱ्याची दिशा बघत बसायचा, आणि त्या दिशेचा तिथं कुणालाच काही उपयोग नव्हता.

या वर्षांत त्यानं घरी काही कळवलं नाही. स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणजे दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायला हवं. आणि सांगायचं तरी काय? मी मेंढरं राखतो, तीही धड राखता येत नाहीत? पुढच्या वर्षी बघू, असं करत करत ते राहून गेलं.

शेवटी त्याचं नशीब फिरलं ते पायलटच्या बोटीमुळं. नदीच्या मुखाशी, ब्रूनी बेटावर, येणाऱ्या जहाजांना वाट दाखवायला पायलट ऑडली राहायचा. त्याच्या बोटीवर वल्ही मारायला कैदी असायचे. एका वादळात दोन गडी वाहून गेले तेव्हा ऑडलीनं सरकारला खडसावून सांगितलं, मला समुद्र ठाऊक असलेली माणसं द्या, नाहीतर पुढचं जहाज तुम्हीच जाऊन आणा. मग लँटीची वागणूक चांगली असल्याचं कुणाच्या तरी ध्यानात आलं. डोंगर उतरून तो पुन्हा पाण्यावर आला. हातात वल्हं घेतलं त्या दिवशी त्याच्या तळव्यांना फोड आले आणि तो दिवसभर खुशीत होता.

पायलटची बायको देवभक्त होती आणि तिला दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालायची हौस होती. तिनं एका रविवारी लँटीला धरलं.

"हार्ल, तुझं लग्न झालंय ना? बायकोला बोलावून का घेत नाहीस? चांगलं वागणाऱ्यांच्या बायका सरकार आपल्या खर्चानं आणतं."

"ती यायची नाही, बाईसाहेब."

"विचारलंस कधी?"

"नाही."

"मग तुला काय माहीत?"

अर्ज तिनंच लिहिला, लँटीनं खाली फुली मारली. तो अर्ज कुठं कुठं फिरला देव जाणे. वर्ष उलटून गेलं. लँटी ते विसरून जायचा प्रयत्न करत होता. अशात एके दिवशी ऑडली गावातून परतला आणि बोटीतून उतरता उतरता म्हणाला, "हार्ल, तुझी बायको निघाली आहे. बायका-कैद्यांच्या पुढच्या जहाजात आहे ती. कैदी नव्हे, स्वखुशीनं येतेय."

त्या संध्याकाळी त्यानं दाढी केली. जहाज यायला अजून महिने होते. बोटीवरच्या गड्यांना तेवढं पुरलं. त्यांच्यात टल नावाचा एक लंडनवाला होता, तोंडाळ आणि हजरजबाबी. "लँट्या, रोज दाढी करून ठेव हां," तो म्हणायचा, "वारा फिरला तर मधल्यामधी येऊन पोचायची!" लँटी हसायचा. त्याला ती चेष्टा आवडायला लागली होती.

जहाज आलं ते डिसेंबरातल्या एका स्वच्छ सकाळी. वारा बेताचाच होता. ऑडली सुकाणूवर, चार गडी वल्ह्यांवर, अशी बोट बाहेर पडली. जवळ जाताच वरून बायकांचा कल्ला सुरू झाला. चार महिन्यांनी नवे पुरुष दिसले होते. त्या कठड्यावर रेलून जे मनात येईल ते ओरडत होत्या. ऑडली दोराची शिडी चढून वर गेला. बोट जहाजाच्या बगलेला दोरानं बांधलेली राहिली, आणि गडी तिच्यात. वर जायची त्यांना परवानगी नव्हती.

"लँटी!"

आवाज त्यानं लगेच ओळखला. कैदी बायकांपासून थोडी बाजूला, काळी शाल घेतलेली टिबी उभी होती. गाल बसले होते, बाकी तीच. लँटीनं हात वर केला.

मग टिबी खाली वाकली. पायाशी असलेलं काहीतरी तिनं उचललं आणि कठड्यावर बसवलं. एक मुलगी होती. चारएक वर्षांची, गोल कानांची, डोळे बारीक करून बोटीकडं बघणारी. टिबीनं तिला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती लँटीकडं सरळ बघत होती. लपवालपवी तिच्या रक्तातच नव्हती. जे आहे ते तिनं तिथंच, सगळ्यांदेखत त्याच्यासमोर ठेवलं.

लँटीचा हात वरच राहिला.

मग टलला राहवेना. "अरे, पोर तर गोड आहे! चार वर्षांची असेल. तू इथं येऊन किती झाली रे, लँट्या?" त्यानं बोटं मोजल्यासारखं केलं. "सात? फारच लांब हात आहेत बुवा तुझे!"

पाय टेकायला बोटीत आडवी फळी असते, ती लँटीनं उपटली आणि टलच्या जबड्यावर घातली. एकदाच. टल मागच्या मागं पाण्यात पडला. त्याला ओढून वर काढलं तेव्हा जबडा एका बाजूला लोंबत होता. वरचा बायकांचा कल्ला बंद झाला होता. मुलगी रडायला लागली होती.

न्यायाधीशानं फार वेळ घेतला नाही. पायलटच्या बोटीवर, कामावर असताना, सगळ्या जहाजादेखत मारामारी. ऑडलीनं चार चांगले शब्द टाकले म्हणून फटके वाचले. पण बोट गेली आणि पायात बेड्या पडल्या. त्याची रवानगी ब्रिजवॉटरला झाली. तिथं नदीत दगड टाकून आरपार बांध घालायचं काम चाललं होतं. खडी फोडायची, गाडीत भरायची, चिखलात ओतायची. रात्रीत दगड चिखलात बसायचे, सकाळी पुन्हा ओतायचे. बायकोला एक शब्दही न बोलता तो तिथं गेला.

पहिले काही आठवडे तो टिबीवर भयंकर चिडलेला होता. मग टलवर. मग ऑडलीच्या बायकोवर, तिनंच तर हे उकरून काढलं. दगड फोडायला राग बरा पडतो. पण तो राग फार दिवस टिकेना, आणि तो ओसरल्यावर सारखा एकच विचार डोक्यात येऊ लागला: तिनं पोरीला सांभाळून, इतका समुद्र ओलांडून आणलीच कशाला? शील्ड्सला बहिणीकडं ठेवली असती तर मला कळलंही नसतं.

जूनमध्ये तिकडची थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी मुकादमानं त्याचं नाव पुकारलं.

"हार्ल! बेडी काढून घे. तुला चाकरीवर दिलंय."

"कुणाच्या?"

मुकादमानं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "होबार्ट टाऊन. मिसेस इझाबेल हार्ल. परटीण."

अख्खी टोळी हसायला लागली. मुकादमालाही हसू आवरेना. "माझ्या हयातीत ऐकलं नव्हतं," तो डोळे पुसत म्हणाला. "आमच्या बायका आम्हाला फुकट राबवतात. तुझं बरंय, सरकारी शिक्का मारून!"

तसं ते काही अगदी नवल नव्हतं. स्वखुशीनं आलेल्या माणसाला सरकार कैदी चाकर द्यायचं, आणि टिबी स्वखुशीनं आलेली होती. जहाजातून उतरल्यावर नवरा बेड्यांत आहे म्हणताना तिनं डोकं धरून बसायचं सोडून काम शोधलं. ओढ्याकाठी ओनोरा स्कॅनलन नावाची आयरिश बाई कपडे धुण्याचा धंदा करायची. तीही एकेकाळी कैदी म्हणूनच आलेली. आता सुटली होती आणि सगळ्या गावाच्या चादरी तिला ठाऊक होत्या. दोघींनी मिळून भट्टी वाढवली. मग टिबी सरकारी कचेरीत गेली आणि म्हणाली, मला एक गडी हवा. कोणता, म्हणून विचारलं तर नाव सांगितलं.

लँटी संध्याकाळी दारात पोचला. टिबी कढईतल्या उकळत्या कपड्यांना काठीनं ढोसत होती. तिनं मागं वळून पाहिलं.

"आलास?"

"पाठवलं म्हणून आलो."

"पाणी ओढ्यावरून आणायचं. लाकडं फोडायची. पिळायला आम्हाला दोघींना जोर पुरत नाही, ते तुझं काम." ती पुन्हा कढईकडं वळली. "लाकडांच्या पडवीत झोपायला जागा केलीय. आत यायचं तर आत ये. ते तुझं तू ठरव."

लँटी पडवीत गेला.

असे दिवस सुरू झाले. तो पाणी आणायचा, लाकडं फोडायचा. ओल्या चादरीचं एक टोक टिबी धरायची, दुसरं तो, आणि दोघं उलट दिशांना पीळ घालायची. तेवढाच काय तो दोघांचा संबंध. जेवणाचं ताट तो पडवीत नेऊन खायचा. हे सगळं बघून ओनोराचा जीव कासावीस व्हायचा.

"टिबे, हा तुझा नवरा आहे की गडी?"

"कागदावर दोन्ही आहे."

"दोन्ही असून काय उपयोग? आमच्या गावच्या धर्मगुरूचं गाढवसुद्धा याच्याहून जास्त बोलायचं."

"गाढवाच्या माघारी काही झालं नव्हतं गं," टिबी म्हणाली, आणि नीळ घालायला उठली. पडवीतून लँटीनं ते ऐकलं.

मुलीचं नाव डॉर्कस. ती पहिले काही दिवस दाराआडून बघायची. मग एकदा तो लाकडं फोडत असताना समोर येऊन उभी राहिली.

"तूच ना तो, बोटीत त्या माणसाला मारलंस?"

"हो."

"का मारलंस?"

"वाईट बोलला."

"काय बोलला?"

लँटीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "आता आठवत नाही," तो म्हणाला.

"मला मारशील?"

"तुला कशाला मारीन?"

तिनं थोडा विचार केला. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि फोडलेल्या ढलप्या गोळा करू लागली. त्या दिवसापासून लाकडं फोडायच्या वेळी ती तिथंच असायची. बोलायची भरपूर. कोंबड्यांबद्दल, ओनोराच्या एका डोळ्याच्या मांजरीबद्दल, जहाजावर मेलेल्या एका बाळाबद्दल. लँटी हूं हूं करायचा. कधी ती आली नाही तर कुऱ्हाड चालवता चालवता त्याचं लक्ष दाराकडं जायचं, आणि आपलं लक्ष जातंय हे ध्यानात आलं की त्याला स्वतःचाच राग यायचा.

मग एका संध्याकाळी तो दारूच्या गुत्त्यात जाऊन बसला. व्हेल मासे मारणारी जहाजं बंदरात आली होती, त्यांतलं एक शील्ड्सच्या कप्तानाचं. त्यावरचा एक म्हातारा खलाशी लँटीच्या बापाला ओळखत होता. त्यानं एक पाजली, मग दुसरी. कैद्यानं घरी परतायची घंटा होऊन गेली, ती लँटीला ऐकूच आली नाही. शिपायानं त्याला गटारालगत उचललं.

सकाळी न्यायाधीशापुढं उभं केलं तेव्हा त्याचं डोकं ठणकत होतं. चाकर चुकला की मालकाला बोलवायचं, असा कायदाच. टिबी आली ती बाह्या सावरत, हाताला अजून साबण. बाकांवर बसलेल्यांत कुजबुज सुरू झाली. हा खटला बघायलाच काहीजण थांबले होते.

"हा तुमचा चाकर?" न्यायाधीशानं विचारलं.

"हो, साहेब."

"आणि नवराही?"

"तोही हाच."

"तुमची याच्याबद्दल काही तक्रार आहे?"

टिबीनं लँटीकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. "तक्रार आहे, साहेब," ती म्हणाली. "पण ती तुमच्या कोर्टात चालण्यासारखी नाही."

लोक हसले. न्यायाधीशानं टेबलावर हात आपटला. "दारूचं बोला, बाई. कायद्यानं पंचवीस फटके देता येतात."

"द्या की. पण मग आठवडाभर हा वाकणार नाही, आणि माझ्या घरी हॉस्पिटलच्या चादरी पडल्यात. त्या पिळायला कोर्टातून कुणी येणार असेल तर सांगा."

न्यायाधीशानं ताकीद देऊन सोडलं.

दोघं ओढ्याच्या कडेनं घरी निघाली. टिबी पुढं, लँटी मागं. निम्मी वाट झाल्यावर ती थांबली, आणि त्याच्याकडं न बघता बोलायला लागली.

"तू गेल्यावर पुढच्याच वर्षी बातमी आली. कैद्यांचं जहाज फुटलं, बेड्यांसकट सगळे बुडाले. तुझंच जहाज, असं धक्क्यावर सगळे म्हणायचे. मी काळे कपडे घातले. तुझ्या आईनं घातले. ती त्यातच गेली."

लँटीला हे माहीत नव्हतं. तो ओढ्याच्या काठावर बसला.

"एक ओळ आली असती तरी पुरलं असतं, लँटी. एक ओळ. जिवंत आहे, एवढंच."

"मला लिहिता येत नाही."

"बोलता येतं ना? का तेही नाही?"

त्यानं पायाशी पडलेला खडा पाण्यात टाकला आणि विचारलं, "पोरीचा बाप कोण?"

"राल्फ डॉबिन. जहाजांचा सुतार. चांगला माणूस आहे, तुला वाटतं तसा नाही. लग्न करणार होतो. पाद्री म्हणाला, आधीचा मेल्याचा पुरावा आण. बुडालेल्याचा पुरावा कुठून आणायचा? तसेच राहिलो. डॉर्कस झाली. मग एके दिवशी सरकारचा माणूस दारात. तुझा नवरा जिवंत आहे, तुला बोलावतोय."

"मग आलीस कशाला?"

ओढ्याच्या पलीकडं कुणीतरी घोडा धूत होतं.

"राल्फ म्हणाला, जा. तो थांब म्हणाला असता तर मी थांबले असते. तुला खोटं कशाला सांगू? तो थांब म्हणाला नाही." तिनं शाल घट्ट ओढली. "बहीण म्हणाली, पोरीला माझ्याकडं ठेव. नाही ठेवली. कचेरीत कारकुनाला वर्षांची बेरीज येत नव्हती, त्यानं पोरीला हार्ल म्हणून नाव लावून टाकलं. आता तुला काय करायचं ते कर. तुला बांधावर परत जायचं असेल तर तसं सांगते कचेरीत. नाही जायचं तर पडवीत जेवणं बंद कर. डॉर्कस विचारते, त्याला आपल्याबरोबर जेवायला का आवडत नाही म्हणून. मी काय सांगू तिला?"

लँटी उठला. "आई कधी गेली?" त्यानं विचारलं.

"छाती पार कमजोर झाली होती. त्या हिवाळ्यात. मी होते जवळ."

मग ती दोघं बरोबरच चालू लागली.

त्या दुपारी तो आत जेवायला बसला. टिबीनं शील्ड्सकडं करतात तशी तव्यावरची मनुकांची जाड पोळी केली होती, चरबीत चुरचुरणारी. डॉर्कसनं आपल्या पोळीतल्या मनुका वेचून आधीच खाल्ल्या आणि मग त्याच्या पोळीकडं बघत बसली. त्यानं आपल्या मनुका तिच्या ताटात सरकवल्या. त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि लँटी आत झोपायला आला. थंडीचं कारण दोघांनीही पुरेसं मानलं.

मनं लगेच साफ झाली असं नाही. पुढली काही वर्षं भांडण पेटलं की टिबी "एक ओळ" म्हणायची आणि लँटी कुऱ्हाड घेऊन बाहेर जायचा. पण राल्फचं नाव त्यानं भांडणात कधी काढलं नाही. दोन मुलगे झाले, त्यांतला एक जगला. डॉर्कस लँटीला आधी सगळ्यांसारखी नावानं हाक मारायची. धाकट्या भावाचं ऐकून कधीतरी बाबा म्हणायला लागली. कधीपासून, ते कुणाला सांगता यायचं नाही.

यथावकाश त्याला स्वतःसाठी काम करायची मोकळीक मिळाली, आणि मग शिक्षाच संपली. सुटल्यावर पहिली गोष्ट त्यानं केली ती म्हणजे लोकर नेणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून नाव घातलं. लंडनला जाणारं जहाज. ओढ्याकाठी सगळ्यांनी ठरवून टाकलं, गडी गेला. ओनोरानं तर टिबीचं सांत्वनसुद्धा सुरू केलं.

"सांत्वन कशाला करतेस? येईल," टिबी म्हणाली.

"आणि नाही आला तर?"

"मग नवा गडी मागेन सरकारकडं."

लँटी शील्ड्सला पोचला. आईच्या थडग्यावर दगड नव्हता, तो बसवला. धक्क्यावरचे ओळखीचे बरेच मेलेले. उरलेल्यांना तो भूत वाटला. राल्फ डॉबिनला शोधायला त्याला जावं लागलं नाही. राल्फच खानावळीत येऊन समोर बसला. दोघांनी एकेक प्याला मागवला. हवेबद्दल बोलले, लाकडाच्या भावाबद्दल बोलले. प्याला संपत आल्यावर राल्फनं विचारलं, "पोरगी?"

"उंच झालीय. कान तुझ्यावर गेलेत. हिशेब तोंडी करते. तिला सगळं ठाऊक आहे, आम्ही लपवलं नाही."

राल्फनं मान हलवली. त्याच्या घरी बायको होती, मुलं होती. तो उठला, टोपी घातली, पुन्हा काढली. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाला आणि निघून गेला.

लँटी पुढच्याच जहाजानं परतला. सामान खाली ठेवल्या ठेवल्या टिबीनं कोण मेलं, कोण राहिलं ते विचारून घेतलं. मग इस्त्रीत निखारे घालत म्हणाली, "राल्फ?"

"भेटला."

"टक्कल पडलं?"

"पूर्ण."

"वाटलंच होतं," टिबी म्हणाली आणि कॉलरला खळ लावायला बसली.

त्यानंतर त्यानं दूरची जहाजं धरली नाहीत. एक जुनी रुंद बोट घेतली आणि ब्रूनी बेटाच्या अलीकडच्या चिंचोळ्या समुद्राच्या, चॅनलच्या, काठाकाठानं बटाटे, लाकूड, पुढं पुढं सफरचंदं, जे मिळेल ते गावात आणायचा. डॉर्कस ह्युऑन नदीकडच्या एका बागवाल्याला दिली, तिथं तर त्याची फेरी ठरलेलीच. म्हातारपणी नजर कमी झाली तरी तो कुणाला सुकाणू देत नसे. एकदा ओनोरा बटाट्यांच्या पोत्यांवर बसून गावाकडं येत असताना त्यानं बोट चांगलीच चिखलात घातली. भरती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती.

"शाब्बास," ओनोरा म्हणाली. "सगळं जग फिरलास आणि इथं येऊन रुतलास."

"तुझ्या वजनानं."

"बटाटे माझ्याहून जड आहेत, मेल्या!"

दुपारभर दोघं तिथं भांडत, कच्ची कालवं फोडून खात बसली. पाणी चढलं तशी बोट आपसूक सुटली.

पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ भरून लँटी गेला. ह्युऑनहून डॉर्कस आली, धाकटा व्हेलच्या जहाजावर होता त्याला महिन्यांनी कळलं. बोट जावयानं घेतली. टिबीनं दोन दिवस भट्टी बंद ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या चादरी आल्या म्हणून पुन्हा पेटवली.